कोपर सीटला, बोटं हँडलला

दिगू,

तुझी सायकल अजून माझ्या जिन्याखाली उभी आहे. येता-जाता तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवते आणि रोज बघते. पुढच्या चाकातली हवा उतरली आहे. सीटवर धूळ बसली आहे, ती मी पुसलेली नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई परवा विचारत होत्या, "मास्तरीणबाई, ही हलवणार कधी? आमची कोळशाची गोणी ठेवायला जागा होत नाही." मी त्यांना काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही. तुला माझं तोंड माहीत आहे.

तेरावं झालं. लालबागला तुमच्या खोलीत माणसं आली, बसली, तुझ्याबद्दल चांगलं बोलली आणि चहा पिऊन गेली. मी एकटीच काही बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, अक्काला धक्का बसलाय. बसलाच आहे. पण त्याहून जास्त मला तुझा राग आलाय आणि तो कुणाकडे काढायची सोय नाही. गेलेल्या माणसावर रागावलेलं लोकांना चालत नाही. आईसमोर तर तोंडच उघडता येत नाही. म्हणून दादरच्या या खोलीत, शाळेतून आल्यावर, तुलाच लिहायला बसले आहे. लहानपणापासून तू माझं सगळं ऐकत आलास. एक गोष्ट तेवढी ऐकली नाहीस, आणि तीच तुला घेऊन गेली.

आपण दोघं सायकलच्या दुकानात वाढलेली माणसं, दिगू. म्हणून मला जास्त लागतं. परळला पोयबावडीच्या कोपऱ्यावरचं बाबांचं ते दुकान, भाड्यानं सायकली द्यायचं आणि दुरुस्तीचं, तुला आठवत नव्हतं असं थोडंच आहे? तासावर सायकल न्यायला येणारा माणूस घाईत असायचा. कुणाची गिरणीची पाळी भरायची असायची, कुणाला इस्पितळात डबा पोचवायचा असायचा. बाबा कुणालाही तशी सायकल देत नसत. "कोपर सीटला लाव," म्हणायचे. मग त्या माणसानं कोपर सीटच्या पुढच्या टोकाला टेकवायचं आणि हात हँडलकडे सरळ करायचा. बोटांची टोकं हँडलला लागली तर सायकल त्याच्या मापाची. नाही लागली तर बाबा पाना घेऊन बसणार, हँडल वर करणार, सीट पुढे सरकवणार, तोवर गिऱ्हाईक बाहेर चरफडत उभं.

परत आल्यावरही सुटका नसायची. "हात दाखव." करंगळीच्या खाली तळव्याच्या कडेला लाल डाग दिसला की बाबा मान हलवायचे आणि पुढच्या वेळी तो माणूस आला की न विचारता हँडल बोटभर वर करून द्यायचे. लोक त्यांना चेष्टेनं ज्योतिषी म्हणत. बाबा सांगायचे, माणूस सायकलला तीन जागी टेकतो, बूड, तळवे आणि पाय. कुठे किती वजन पडायचं ते फ्रेम ठरवते. वरचा पाइप लांब आणि हँडल खाली असलं की माणूस ओणवा होतो आणि अंगाचा भार तळव्यांवर जातो. पुढचा पाइप उभा असला आणि दोन्ही चाकं जवळजवळ असली की रस्त्यातला प्रत्येक खड्डा सरळ मनगटात येतो. पाइप जरा तिरका असला, चाकं एकमेकांपासून लांब असली, तर पुढच्या चाकाचा चिमटा थोडा लवतो आणि धक्का वाटेतच जिरतो. हे सगळं तू माझ्याआधी पाठ केलं होतंस. मला ते म्हणूनही दाखवायचास, त्यांच्यासारखा आवाज काढून.

आणि बाबांची स्वतःची सायकल म्हणजे नेमकी त्याच्या उलट. शर्यतीची. उभा पुढचा पाइप, आखूड अंग, लांबलचक वरचा पाइप, गुडघ्याशी आल्यासारखं हँडल. त्यांनी ती परळच्या एका कारागिराकडून अंगाच्या मापानं जोडून घेतली होती. बाबा ताडमाड, हात गुडघ्यापर्यंत. त्यांना त्या सायकलवर ठाण्यापर्यंत जाऊन आलं तरी काही होत नसे. आपल्या घरात वाटणीची गफलत झाली बघ. बाबांची उंची आणि हात मी घेतले, आणि तू आईसारखा, बुटका, गुटगुटीत.

बाबा गेले, दुकान गेलं, भाड्याच्या सायकली ज्यानं त्यानं नेल्या. ती एक उरली. आई म्हणाली, "सायकल झिलाची. चेडू काय करतला ती घेवन?" सायकल मुलाची, मुलीला काय करायची. विषय तिथेच संपला. मी ताटावरून उठले, एवढंच. आईला वाटलं, बाबांच्या दुःखानं उठले. तुला बरोबर कळलं होतं. बाबा दुकानात नसले की मी त्यांच्या सायकलच्या सीटला कोपर लावून बघायची, ते तू फळीवर बसून बघितलं होतंस. माझी बोटं हँडलला जवळजवळ लागायची.

म्हणून मी जेव्हा जेव्हा म्हटलं, "दिगू, हँडल वर कर," तेव्हा तेव्हा तुला ऐकू आलं, "दिगू, सायकल मला दे."

आपला वाद कुठे कुठे झाला आठव. लालबागच्या गॅलरीत झाला, तुझ्या लग्नात पंगत वाढताना झाला, गणपतीच्या आरतीच्या रांगेत झाला.

"अक्का, हँडल वर केलं की ती बाबांची राहत नाही."

"बाबांचे हात घेऊन जन्माला आला असतास, तर मी काही बोलले नसते."

"तुला ती पायजे. सरळ बोल ना."

"तुझी बोटं शाबूत पायजेत मला."

"दोन्ही पायजे तुला," असं म्हणून तू हसायचास आणि घंटी वाजवत जायचास. आणि मला दोन्ही पाहिजे होतं.

तुझ्या बोटांचं मी चेष्टेवारी कधी घेतलं नाही. गिरगावात खेतवाडीच्या त्या छापखान्यात तू शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचास. खणांतून एकेक अक्षर उचलायचं, डाव्या हातातल्या लोखंडी पट्टीत, स्टिकमध्ये, उलटं लावायचं. सगळं काम बोटांचं. आणि तू रोज लालबाग ते गिरगाव त्या सायकलवर, ट्रामच्या रुळांवरून, दगडी फरशीवरून आपटत. पहिल्यांदा करंगळीला मुंग्या आल्या तेव्हा तूच मला सांगितलंस. मग शेजारच्या बोटाला आल्या, तेव्हा सांगायचं बंद केलंस. पोचल्यावर तू हात झाडत उभा राहायचास, ते आईच्याही लक्षात आलं. "झिला, हात कित्याक झाडतस?" तू म्हणालास, "धूळ आहे, आये."

मग तो दिवस. कामगार मैदानावरच्या सभेचं पत्रक होतं, दुपारपर्यंत छापून वाटायचं होतं. तू जुळवलेल्या ओळी उचलायला गेलास आणि बोटांत काही कळलंच नाही. सगळा मजकूर जमिनीवर. बाकीचे सगळे मिळून गोळा करायला बसले, पत्रक निघालं, पण फोरमननं तुला बाजूला घेतलं. "दिगंबर, बोटं चालत नसतील तर आत्ताच सांग. चळवळीचे दिवस आहेत, इथे ओळ सांडली तर सभा चुकते. दुसऱ्यांदा झालं तर मी तुला ठेवू शकणार नाही." हे तू मला सांगितलं नाहीस. तुझ्या सुमननं सांगितलं, तेही रडत. पोटात बाळ आलंय म्हणून तिची चेष्टा करायला मी आले होते, आणि ती मला नवऱ्याच्या बोटांचं सांगत होती.

त्या दिवशी मी तुला चाळीच्या जिन्यात गाठलं. तुझा हात धरला आणि बाबांच्या आवाजात म्हटलं, "हात दाखव." तू मूठ मिटलीस. मी ती उघडायला गेले आणि तू हात हिसकलास. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलास. "सायकल पायजे तर घेऊन जा! पण माझ्या हाताचं निमित्त करू नको!" चाळ गॅलरीत आली. मी म्हटलं, "भीक नको तुझी." आणि खाली उतरले. त्यानंतर कितीतरी दिवस मी लालबागला पाऊल टाकलं नाही.

मग तूच यायला लागलास, दिवाळीनंतर. तेही ट्रामनं. मी विचारलं, सायकल कुठाय? पंक्चर. पुढच्या खेपेला, ब्रेक ढिले. त्याच्या पुढच्या खेपेला काय सांगितलंस ते मला आठवतही नाही. मी टोमणा मारला, "शर्यतवाले ट्रामनं फिरायला लागले की काय?" तू चहात पाव बुडवत बसलास. मी हँडलचा विषय काढायची वाट बघत होतास, असं आता वाटतंय... नाही, असं मी काय लिहितेय. मला काहीच माहीत नाही, तू काय वाट बघत होतास ते.

बंदच्या दिवसाबद्दल लिहायचं मी टाळत आले. आज लिहिते. सकाळपासून दादरला सगळं थंड होतं. ट्राम नाही, बस नाही, दुकानांच्या फळ्या लावलेल्या. लालबागकडून बातम्या येत होत्या त्या चांगल्या नव्हत्या. दगड पडतायत, लाठी चाललीय, कुणी म्हणे त्याहून वाईट. मी खिडकीशी उभी राहून तुला मनात शिव्या घालत होते, कारण मला माहीत होतं, तू घरात बसलेला नसणार. आणि जिन्यावर पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं. दारात तू. उजव्या पायाला रुमाल गुंडाळलेला, रुमाल लाल झालेला, आणि तोंडावर ते हसू.

"अक्का, आधी पाणी दे. मग काय पायजे ते बोल."

पाणी दिलं. पण बोलायला कुठे थांबले मी? पाय धुता धुता सगळं काढून घेतलं तुझ्याकडून. पत्रकांचं काम उरकून गिरगावहून निघालास, भायखळ्याचा पूल ओलांडेपर्यंत दोन्ही हात मनगटापासून मेले. लालबागला नाक्यावर सोड्याच्या बाटल्यांचा खच. गर्दी एकदम तुझ्या अंगावर पळत आली. एक म्हातारी रस्त्याच्या मधोमध, तिला कळेना कुठे जायचं. तू ब्रेक दाबायला गेलास आणि बोटं वळेनात. "दाबतोय, दाबतोय, आणि हातात काय आहे तेच कळेना," असं म्हणालास. शेवटी पाय खाली घातलास. चप्पल निसटली आणि टाच काचेवरून घासत गेली. म्हातारीला काही झालं नाही, हे तू तीनतीनदा सांगितलंस.

"तिला नाही झालं. तुला झालं," मी म्हटलं. जिना उतरून मी खाली डोकावून आले होते. तेच खाली वाकलेलं हँडल. माझं डोकंच फिरलं. "बाबांची सायकल ना ही? बाबांचं हँडल ना? घे आता. बोटं तर गेलीच, आता पायही घालव. मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, तू तोवर उरलास तर बघायला." मी हळद भरली, जुन्या साडीची पट्टी बांधली. मग तुझा हात ओढून घेतला. "हात दाखव." या वेळी तू मूठ मिटली नाहीस.

तळव्याच्या कडेला ताजा फोड होता. पण भोवतालची कातडी मऊ होती. वर्षानुवर्षांचे ते पिवळे घट्टे नव्हते.

"घट्टे कुठे गेले?"

"गेले कोकणात. सुट्टीवर," म्हणालास.

मी हसले नाही. मला काही उमगलंही नाही. ज्योतिष्याची मुलगी आणि हात वाचता आला नाही.

त्या रात्री तू माझ्याकडेच राहिलास. सकाळी ट्राम सुरू झाल्या तेव्हा निघालास. दारात वळून म्हणालास, "अक्का, सायकल राहू दे तुझ्याकडेच." मी म्हटलं, "इथे कशाला? खाली जागा नाही, बाई कटकट करतात. पाय बरा झाला की घेऊन जा." तू म्हणालास, "बघू." आणि कठडा धरून उतरलास.

पुढचं लिहायला हात वळत नाही. जबडा धरला, असं सुमनचा निरोप आला तेव्हा मला वाटलं दाढ दुखत असेल. इस्पितळातली ती खोली. खिडकीला काळं कापड. आवाज करू नका, अंगाला हात लावू नका, दार हळू लावा. भांडं जरी वाजलं तरी तुझ्या पाठीची कमान व्हायची. धनुर्वात, दिगू. मला आता त्या शब्दाचा अर्थ कळला. आयुष्यभर आपण भांडलो आणि शेवटी तुझं तोंड उघडेना. नुसते डोळे. मी कानाशी वाकून अगदी हळू म्हटलं, "सायकल नीट आहे. बरा झालास की घेऊन जा." तू मान हलवलीस. नाही म्हणून. पुन्हा हलवलीस. मला वाटलं, तू धीर सोडलास. मी म्हटलं, "असं नाही म्हणायचं. घेऊन जायची म्हणजे घेऊन जायची." मी तुला शेवटचं बोलले ते हे. तेही दटावून.

माझा राग हा आहे, दिगू. बोटभर हँडल. बोटभर वर केलं असतंस तर तुझा ब्रेक लागला असता. बाबांनी परळच्या परक्या हमालालाही जे दिलं, ते तू हट्टानं स्वतःला दिलं नाहीस. सुमनच्या पोटातलं बाळ मला उद्या विचारेल, तेव्हा मी काय सांगू? तुझा बाप हट्टी होता म्हणून?

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सुमन आली.

ती एकटी आली, चालत, लालबागहून. माझ्यासाठी डब्यात आईनं दिलेली सोलकढी घेऊन. बसली. इकडचं तिकडचं झालं. फोरमननं तुझ्या पगाराचं राहिलेलं सगळं पोचवलं, असं म्हणाली. "ते म्हणत होते, दिगंबरचा हात अलीकडे पुन्हा छान चालायला लागला होता. नंतर मजकूर कधी सांडला नाही."

मी म्हटलं, "कुठलं काय. त्या दिवशी बोटंच वळत नव्हती त्याची."

"त्या दिवशी," ती म्हणाली. "वन्सं, तुम्हाला ह्यांनी सांगितलंच नाही?"

"काय सांगायचं होतं?"

तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, म्हणजे मला पुन्हा वाचता येईल. जिन्यातल्या त्या भांडणानंतर तू काही दिवस कुणाशी बोलला नाहीस. दिवाळी झाली आणि एका रविवारी गॅलरीत सायकल उलटी करून बसलास. हँडल वर केलंस, सीट पुढे घेतलीस. कोपर लावून बघितलंस. पुढच्या रविवारी आणखी थोडं वर. सुमन म्हणाली, "हात झाडायचे थांबले तेव्हा मी देवाला साखर ठेवली." आणि मला का सांगितलं नाहीस? तिनंही विचारलं होतं तुला. तू म्हणालास, "आत्ता सांगितलं तर अक्का नाक वर करून परळ ते दादर फिरेल." म्हणून ट्राम. म्हणून पंक्चर. मला वर केलेलं हँडल दिसू नये म्हणून.

मी म्हटलं, "मग त्या दिवशी खाली कसं आलं? मी डोळ्यांनी बघितलं."

"त्या दिवशी सकाळीच केलं ह्यांनी. मीच ओरडले, आता चांगलं चाललंय, पुन्हा कशाला खाली? तर म्हणाले, 'अक्काच्या मापाला लावतोय. आज छापखान्यातून परस्पर दादरला जातो आणि देऊन येतो तिला. एवढा एकच फेरा आहे, हात सोसतील.'" सुमननं पदर डोळ्याला लावला. "म्हणाले, 'पहिल्यापासून ती तिचीच आहे, आयेनं उगाच मला दिली.' स्वतःसाठी जुनी साधी बघून ठेवली होती ह्यांनी. उभ्या हँडलची, लांब अंगाची. म्हणायचे, 'आता मी बाप होणार, आरामात बसून जाईन.'"

मी सुमनला चहा केला. तिला ट्रामपर्यंत सोडून आले. तोपर्यंत मी धड होते.

तुझ्याकडे सगळी संध्याकाळ होती, दिगू. सगळी रात्र होती. तू माझ्यासमोर बसून चहा घेतलास, भात जेवलास. एवढंच म्हणायचं होतंस, 'अक्का, ही तुझी.' पण मी तुला तोंड उघडू दिलं कुठे? पाणी प्यायच्या आत मी सुरू झाले, आणि रात्री दिवा घालवेपर्यंत बोलत होते. आणि सकाळी तू दारात म्हणालासच की. मीच म्हटलं, जागा नाही. इस्पितळात मान हलवून पुन्हा म्हणालास. मीच दटावलं.

आणि एक सांगू? तू बरोबर ओळखलं होतंस मला. दिवाळीला मला कळलं असतं तर मी नाक वर करून फिरलेच असते. चाळीत खोलीखोलीत जाऊन सांगितलं असतं, शेवटी आला ना माझ्या वळणावर! आईला तर महिनाभर ऐकवलं असतं. तुला ते नको होतं. तुला नुसती सायकल आणून जिन्याखाली उभी करायची होती आणि माझं तोंड बघायचं होतं. कसलं तोंड बघायला मिळालं तुला, दिगू.

माझी पहिली सायकल तूच आणलीस, ते मी काल लिहिलं नाही. रागात राहून गेलं. मला शाळेत नोकरी लागली तेव्हा ती बायकी जुनी सायकल तू कुठूनतरी आणलीस, रंग दिलास, मला कोपर लावायला लावलंस आणि बाबांसारखा पाना घेऊन बसलास. बाई सायकलवर बसते म्हणून नाक्यावरची पोरं ओरडायची, तेव्हा तू रोज छापखान्याला उशीर करून माझ्या बाजूनं शाळेपर्यंत यायचास. शाळेच्या दारात म्हणायचास, "हात दाखव." मी दाखवायची. मग उलटा गिरगावला पळायचास. जगातल्या सगळ्या माणसांच्या तळव्यांची तुला काळजी, तुझ्या सोडून. मी हे तुला कधी बोलले नाही. बोलायला काही हरकत नव्हती.

सुमनला सोडून आले आणि बाबांचा पाना काढला. तो माझ्याच पेटीत होता, बघ. तुला सायकल मिळाली तेव्हा मी रागानं पाना उचलून आणला होता. जिन्याखाली बसले. हँडलचा बोल्ट ढिला केला, हातोडीनं वरून एक ठोका दिला आणि हँडलचा आत गेलेला दांडा वर ओढला. त्यावर खुणा होत्या. एक काळी, जुनी, बाबांची. तिच्यापासून दूर एक गंजाची रेघ, घामानं धरलेली. ती तुझी, दिवाळीनंतरची. आणि या दोहोंच्या मधे, बाबांच्या खुणेपासून बोटभरच अंतरावर, म्हणजे हँडल त्यांच्यापेक्षा बोटभरच वर येईल असा, एक ताजा चकचकीत ओरखडा. त्या दिवशी खाली बघून मला वाटलं होतं, हेच ते बाबांचं हँडल. ते बाबांचं नव्हतंच. मी जवळजवळ बाबांएवढी आहे, अगदी तेवढी नाही. तुला ते माहीत होतं.

मी दांडा पुन्हा त्या ओरखड्यावर आणून बसवला. बोल्ट आवळला. हवा भरली. सीटवरची धूळ पुसली. मग कोपर सीटच्या टोकाला टेकवलं आणि हात सरळ केला. बोटं हँडलला लागली.

तशीच उभी राहिले. खालच्या बाई दार उघडून बाहेर आल्या. माझ्याकडे बघून त्या जरा दबकल्या असाव्यात, कारण हळूच म्हणाल्या, "बाई, कुणाची हो ही सायकल? न्यायला कोणी येणार नाही का?"

"कोणी येणार नाही," मी म्हटलं. "माझी आहे. भावानं दिली."